सीव्हीत न मावलेली ओळ

नोकरभरतीच्या कन्सल्टन्सीत आलेला सीव्ही क्लायंटकडे, म्हणजे माणूस हवा असलेल्या कंपनीकडे, जसाच्या तसा कधीच जात नाही. आधी त्यावरचा फोन नंबर आणि ईमेल काढायचा, म्हणजे क्लायंटने परस्पर उमेदवाराशी बोलणं करू नये. मग फोटो जातो. वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय की नाही, उंची-वजन असं काही लिहिलेलं असेल तर तेही जातं. उरलेला मजकूर लेटरहेडच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये बसवायचा: सध्याची कंपनी, हुद्दा, कधीपासून, शिक्षण, सध्याचा सीटीसी (कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण पगार), अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड. हात बसलेला असेल तर एका सीव्हीला सात-आठ मिनिटं पुरतात. हल्लीच स्टोअर असिस्टंटच्या जागेसाठी आलेल्या एका सीव्हीत अगदी तळाला, 'वरील माहिती खरी आहे' याच्या वर, एक ओळ होती: जत्रेच्या नाटकाला लागेल तो प्रवेश लिहून देतो. फॉरमॅटमध्ये छंदाला रकाना नाही. क्लायंटला एसएपी या संगणकप्रणालीवर जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाची नोंद, करता येते का, जुना माल आधी बाहेर काढायचा हे कळतं का, महिनाअखेरीला उशिरापर्यंत थांबून स्टॉक मोजायची तयारी आहे का, एवढंच हवं होतं. ओळ गळाली, सीव्ही गेला. हे रोजचंच आहे, आणि तरी ती ओळ मनातून जायला तयार नाही.

सीव्हीवर कात्री चालवणारा माणूस स्वतः लिहिणारा असेल तर ती ओळ जास्त टोचते. गोव्यात मराठीत लिहिणारा माणूस पोटासाठी बहुतेक वेळा दुसरंच काही करत आला आहे: शाळेत मास्तर, बँकेत कारकून, खाणीच्या ऑफिसात टायपिस्ट, आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर निवेदक. 'गोमन्तक' १९६२ साली निघाला, 'नवप्रभा' १९७० साली. त्यांच्या आणि नंतर आलेल्या दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्यांत याच लोकांचं लिखाण सापडतं. गावोगावच्या काल्यांत आणि जत्रांत नाटकं उभी राहिली ती दिवसा शेतावर, दुकानात, पंचायतीत काम करणाऱ्यांच्या जिवावर. नोकरी सांभाळून लिहिणं इथे कुणाला नवल वाटत नाही. पण त्या जुन्या नोकऱ्यांची एक सोय होती. संध्याकाळी ऑफिसला कुलूप लागलं की काम ऑफिसातच राहायचं. भरतीचं काम तसं राहत नाही, ते फोनमधून घरी येतं.

कारण साधं आहे. उमेदवार स्वतः कुठेतरी नोकरीला असतो. त्याला साडेअकराला फोन केला तर तो मशिनवर असतो आणि औषध कंपनीत असेल तर मोबाइल लॉकरमध्ये असतो. जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटं बोलतो, तेही दबक्या आवाजात, कारण समोरच्या टेबलावर सुपरवायझर जेवत असतो. खरं बोलणं होतं ते जनरल शिफ्ट सुटल्यावर. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून सुटलेली कंपनीची बस फोंड्याला किंवा मडगावला पोचते, माणूस घरी जातो, आंघोळ करतो, चहा घेतो, आणि मग साडेसहा ते साडेआठ तो मोकळा असतो. म्हणजे 'संध्याकाळी बसून लिहू' असं बाकीचे ज्या वेळेला म्हणतात, तीच वेळ रिक्रूटरची सगळ्यांत महत्त्वाची. ती लिखाणासाठी ठेवली की दोन्ही कामं बिघडतात: फोन अर्धवट होतात आणि परिच्छेदाच्या मध्येच कुणीतरी नोटीस पिरियड विकत घेता येईल का विचारतं. रात्री नवानंतर वेळ असतो, पण तेव्हा डोकं आवाजांनी भरलेलं असतं. भरतीत असलेल्याने नवं लिखाण पहाटेच करावं. साडेपाच ते सात, पोदेराचा भोंगा वाजून पाव दारात येईपर्यंत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. रात्रीच्या वेळेला फक्त दुरुस्त्या, टायपिंग, संदर्भ तपासणं अशी कामं ठेवावीत, ज्यांना ताजं डोकं लागत नाही. संदर्भासाठी पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. पाटोवरच ऑफिस असेल तर जेवणाच्या सुट्टीत एखादी तारीख, एखादं जुनं पान पाहून परत येता येतं. एवढ्याशा सोयीने आठवड्याचे कितीतरी तास वाचतात.

वेळेपेक्षा अवघड गोष्ट भाषेची आहे. दिवसभर जॉब डिस्क्रिप्शन, फॉलो-अप मेल आणि रिग्रेट मेल लिहिणाऱ्याची भाषा हळूहळू विशिष्ट वळण घेते. वाक्यातला माणूस नाहीसा होतो. 'मुलाखत घेण्यात येईल', 'कळवण्यात येईल', 'प्राधान्य देण्यात येईल' असं लिहून लिहून ललित लेखातही 'घरी परतण्यात आलं' या धाटणीची वाक्यं डोकावू लागतात. सगळं तीन-तीन मुद्द्यांत मांडायची सवय लागते. प्रत्येक परिच्छेद काहीतरी पटवून देऊ पाहतो, कारण दिवसभर आपण जागा पटवतच असतो. यावर एकच उपाय चालतो: कच्चा मसुदा मोठ्याने वाचायचा आणि 'करण्यात', 'द्वारे', 'संदर्भात', 'माध्यमातून' हे शब्द जिथे जिभेला लागतील तिथे वाक्य मोडून नव्याने लिहायचं. उलट दिशेने मात्र फायदा होतो. लिहिणारा माणूस जॉब डिस्क्रिप्शन चांगलं लिहितो, कारण वाचणाऱ्याला काय हवंय याचा तो विचार करतो. कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या जागेसाठी उमेदवाराचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. बस कुठून सुटते, शिफ्ट फिरती आहे का, कँटीन आहे का, रविवार सुटी की आठवड्यातला दुसरा वार, हे त्याला आधी कळायला हवं असतं. 'डायनॅमिक एन्व्हायर्नमेंट' काढून 'साखळी आणि डिचोलीहून कंपनीची बस' असं लिहिलं तर जिथे बस खरोखर येते तिथून फोन येतात.

आणि कान. भरतीत वर्षभर राहिलं तरी कान तयार होतो. 'सध्याची नोकरी का सोडताय?' याचं पहिलं उत्तर जवळजवळ सगळ्यांचं एकच असतं: ग्रोथ. त्यावर लगेच पुढचा प्रश्न न विचारता दोन-तीन सेकंद गप्प राहायचं. मग दुसरं उत्तर येतं, आणि खरं ते असतं. रोज झुआरी ओलांडून जाणं जमत नाही. आई घरी एकटी असते. नव्या मॅनेजरने सगळ्यांदेखत आवाज चढवला. बायको म्हापशाला शिक्षिका आहे, मूल लहान आहे. ऑफर लेटर मिळाल्यावर 'मागीर सांगतां' (नंतर सांगतो) म्हणणारा बहुधा येत नाही. 'कागद कुठले आणायचे?' विचारणारा येतो. सरकारी भरतीची जाहिरात निघाली की पक्क्या झालेल्या जॉइनिंगच्या तारखा हलू लागतात. घरातला थोरला भाऊ बोटीवर असेल तर धाकटा इथल्या पगाराचा आकडा ऐकून घेतो आणि विषय बदलतो. ऑगस्टमध्ये कुणालाही तारीख विचारा, चवथीनंतर, असंच उत्तर येतं, आणि त्यात आळस नसतो. घरच्या गणपतीच्या माटोळीचं, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या फळापानांचं, सामान आणायचं असतं, मुंबईहून भाऊबंद यायचे असतात. कथा लिहिणाऱ्याला, नाटकाचे संवाद लिहिणाऱ्याला जे हवं असतं ते सगळं इथे कानावर पडतं: माणूस वाक्य कुठे तोडतो, मराठीत सुरू करून कोंकणीत कधी शिरतो, आकडा सांगताना इंग्रजीत का जातो.

यातलं काहीही आपलं नसतं.

उमेदवाराने हे सांगितलं ते नोकरी मिळावी म्हणून. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही तोच आहे: माहिती ज्या कारणासाठी संमती देऊन दिली, त्याच कारणासाठी वापरायची. पण कायदा नसता तरी गोव्यात हा प्रश्न आहेच, कारण इथे माणूस लपत नाही. मोठ्या शहरात नाव बदललं, कंपनी बदलली की पात्र सुटं होतं. इथे 'शिरोड्याचा, डिप्लोमा झालेला, वडील बसवर कंडक्टर' एवढं लिहिलं की तिसरा वाचणारा आडनाव सांगतो आणि चौथा त्याच्या घरी फोन करतो. पुरवणीतला लेख रविवारी सकाळी छापून येतो आणि दुपारपर्यंत गावात वाचला जातो. माणसाने सध्याच्या मॅनेजरबद्दल विश्वासाने जे सांगितलं ते तिथे पोचलं तर त्याची आहे ती नोकरीही जाऊ शकते. म्हणून ट्रॅकरच्या एक्सेल शीटमधला 'रिझन फॉर चेंज' हा रकाना लिखाणासाठी उघडायचा नाही. फोनवर ऐकलेली हकीकत त्याच रात्री वहीत उतरवायची नाही. तपशील बदलून हकीकत तीच ठेवण्यापेक्षा वेळ जाऊ देणं जास्त सुरक्षित आणि लिखाणाच्या दृष्टीनेही बरं. घरी सोलं करताना रातांब्याची सालं त्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात, तसं ऐकलेल्याचं झालं पाहिजे. वर्ष-दीड वर्षाने जे उरतं ते एका माणसाचं नसतं. वहीत लिहायचंच असेल तर बोलण्याची लकब लिहावी, हकीकत नाही. 'मी नाही म्हणत नाही, पण घरी विचारायला हवं' हे वाक्य कुणाचंही असू शकतं. कुठल्या गावच्या कुणी कुठली ऑफर नाकारताना ते म्हटलं, हे ज्याचं त्याचंच.

इथे फ्रीलान्स कामाचा एक प्रकार आपणहून समोर येतो आणि त्यापासून लांब राहावं असं माझं ठाम मत आहे. रिक्रूटरला सर्वांत सहज मिळणारं लिखाणाचं काम म्हणजे पैसे घेऊन सीव्ही आणि लिंक्डइन प्रोफाइल लिहून देणं. त्याला मागणी आहे, पैसे लवकर मिळतात, कौशल्य तर आधीच हातात असतं. पण ज्याचा सीव्ही उद्या आपल्याच टेबलावर येणार त्याच्याकडून आज पैसे घेतले, की निवड करणारा आणि विकणारा एकच माणूस होतो. प्लेसमेंटची फी कंपनी देते, उमेदवार नाही, ही या धंद्याची मर्यादा आहे आणि ती ओलांडून आलेला पैसा कुठल्याही नावाने घेतला तरी उमेदवाराकडूनच घेतलेला असतो. करिअरवर सदर लिहावं, मुलाखतीला कसं जावं ते सगळ्यांसाठी एकदम लिहावं, कॉलेजात जाऊन फुकट सांगावं. एकेकट्या उमेदवाराशी पैशाचा व्यवहार नको.

बाकीच्या कामांसाठी आधी स्वतःचं नेमणूकपत्र वाचायचं. दुसऱ्यांकडून त्यावर सह्या घेणारे आपण, पण त्यातलं 'कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय अन्य कोणतेही काम करणार नाही' हे कलम स्वतःलाही लागू असतं. २०२२ साली विप्रोने स्पर्धक कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर केल्यापासून मूनलायटिंग, म्हणजे नोकरी असताना बाहेर दुसरं काम करणं, हा शब्द प्रत्येक एचआरच्या तोंडी आहे. पुरवणीत महिन्याला एखादा लेख लिहिणं आणि स्पर्धकाकडे दुसरी नोकरी करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण कलमाला तो फरक दिसत नाही, मॅनेजरला दिसतो. म्हणून परवानगी मागावी आणि लेखी मागावी. अर्ज लांबलचक नको, पाच गोष्टी पुरतात: कामाचं स्वरूप काय, ते कोणत्या वेळेला करणार, कंपनीचा लॅपटॉप आणि डेटाबेस वापरणार नाही, क्लायंट आणि उमेदवार यांच्याबद्दल लिहिणार नाही, आणि दुसऱ्या भरती संस्थेसाठी लिहिणार नाही. तोंडी 'हो, लिहा की' यावर थांबू नये, कारण मॅनेजर बदलतात. त्याच दिवशी 'आपण बोललो त्याप्रमाणे' असा मेल टाकून उत्तर घ्यावं. लपवून ठेवण्यात अर्थ नाही. लिखाणाचं मानधन पीएफच्या नोंदीत येत नसलं तरी त्यातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, आयकर खात्याकडच्या आपल्या वार्षिक कर-विवरणात दिसतो, आणि पुढच्या नोकरीच्या वेळी पार्श्वभूमी तपासणारे काही जण तो कागद मागतात.

करासाठीही परवानगी उपयोगी पडते. नोकरदाराने लिखाणातून व्यवसाय म्हणून पैसे मिळवले की 'सहज' हा साधा विवरणपत्राचा फॉर्म चालत नाही, धंदा-व्यवसायाच्या उत्पन्नाचा फॉर्म भरावा लागतो. एखादी संस्था व्यावसायिक फी म्हणून वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त देत असेल तर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापून देते. पण पगारामुळे आपण ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलो तर उरलेला २० टक्के आणि त्यावरचा सेस आपणच भरायचा असतो, आणि मार्चमध्ये तो आकडा पाहून धक्का बसतो. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त होणार असेल तर आगाऊ कर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला भरायचा, नाहीतर व्याज लागतं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे हे उत्पन्न कंपनीच्या अकाउंट्सला कळवणं. ते पगारातूनच जास्त कर कापतात आणि आपण तारखांतून सुटतो. परवानगी लेखी असेल तर हे कळवताना मनात किंतु राहत नाही. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा २० लाखांची आहे आणि त्यात पगार धरत नाहीत, तेव्हा त्याची चिंता बहुतेकांना करायला लागत नाही.

दराचं बोलायला मात्र जीभ जड होते. दिवसभर दुसऱ्याला 'एक्स्पेक्टेड किती?' असं विचारणारा माणूस स्वतःचा दर विचारल्यावर 'तुम्ही द्याल ते' म्हणतो, हे लिहिणाऱ्यांत फार दिसतं. खरं तर करार कसा करावा हे भरतीइतकं चांगलं कुठलाच धंदा शिकवत नाही. उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के फी, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, बिल जॉइनिंगला, पैसे ३० किंवा ४५ दिवसांत, उमेदवार ९० दिवसांत सोडून गेला तर बदली माणूस, पण एकदाच. या अटींवर सही झाल्याशिवाय कुणी एक सीव्हीही पाठवत नाही. मग लेख का पाठवावा? हॉटेलच्या वेबसाइटसाठी १,२०० शब्दांचं काम शब्दाला १ रुपया दराने घेतलं आणि माहिती जमवायला २ तास, लिहायला ३ आणि दुरुस्त्यांना १ तास गेला, तर ताशी २०० रुपये पडले. दुरुस्त्यांची तिसरी आणि चौथी फेरी झाली की तेच दीडशेवर येतात. म्हणून शब्दसंख्या, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, निम्मे पैसे आधी, उरलेले बिलानंतर १५ दिवसांत, हे चार ओळींच्या मेलमध्ये लिहून घ्यायचं. भाषांतराचं काम असेल तर दर मूळ मजकुराच्या शब्दांवर ठरवायचा. इंग्रजीतून मराठीत येताना शब्दांची संख्या कमी होते, कारण आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. मराठी शब्द मोजून पैसे घेणारा प्रत्येक पानाला तोटा सोसतो. वृत्तपत्रांच्या आणि दिवाळी अंकांच्या मानधनाला हे गणित लावता येत नाही, ते मिळालंच तर थोडं मिळतं. ते लिखाण वेगळ्या ओढीने होतं आणि तसंच व्हावं. पण मग हॉटेलच्या कामात सवलत नको, कारण त्या कामाच्या पैशावरच या लिखाणाची पहाट उभी असते.

हक्कांबद्दल लोक फार बेफिकीर असतात. नोकरीचा भाग म्हणून जे लिहिलं, जॉब डिस्क्रिप्शन असो की कंपनीच्या पेजवरचा मजकूर, त्याचे हक्क कंपनीचे. बाहेरून लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक मात्र लिहिणारा, आणि ते हक्क दुसऱ्याला द्यायचे तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी आणि सहीनिशीच देता येतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे मुदत न लिहिलेल्या कागदावर दिलेली कथा ५ वर्षांनी आपल्या संग्रहात घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. 'कायमस्वरूपी' हा शब्द असेल तर लागते. सही करण्याआधी तेवढा एक शब्द शोधावा.

छपाईतल्या एका गोष्टीचा त्रास इथे लिहिणाऱ्या प्रत्येकाला होतो. आपण युनिकोडमध्ये टाइप करतो. अनेक छापखाने आणि अंक अजून श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटवर पानं लावतात. मजकूर कन्व्हर्टरमधून जातो आणि ठरावीक जागी मोडतो. पहिला बळी 'ऱ्'चा: 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि 'दऱ्यांतून वाट काढत' हे वाक्य थेट समुद्रात जातं. रफार एक अक्षर सरकतो, 'ॲ'च्या जागी रिकामी चौकट येते, अवतरणचिन्हं उलटी होतात. लेखासोबत पीडीएफही पाठवायची, म्हणजे पान लावणाऱ्याला मूळ कसं दिसतं ते कळेल, आणि प्रूफ मागून घ्यायचं. प्रूफ शेवटाकडून सुरुवातीकडे, एकेक ओळ उलट्या क्रमाने वाचलं तर डोळा अर्थात अडकत नाही आणि मोडलेलं अक्षर दिसतं.

जत्रेच्या नाटकाला प्रवेश लिहून देणारा तो उमेदवार. त्याची ओळ कथेत घालावी असं लिहिणाऱ्या मनाला लगेच वाटतं, आणि ते टाळायला हवं, हे वर आलंच. पण ओळ गळू द्यायलाही नको होती. फॉरमॅटमध्ये रकाना नसला तरी सीव्हीसोबत जाणाऱ्या मेलमध्ये रिक्रूटरचे स्वतःचे चार-पाच ओळींचे शेरे असतात, आणि लिहिता येणाऱ्या माणसाचं खरं काम तिथे आहे. त्यासाठी फोनवर एक प्रश्न जास्त विचारावा लागतो.

"नाटकात किती माणसं असतात हो तुमच्या?"

"वीस-बावीस असतात, मॅडम. तालमीला सगळे एकदम कधी येत नाहीत. कोण आला नाही त्याचं मीच वाचतो. सामानाची यादी पण माझ्याकडेच असते."

सामानाची यादी! कपडेपट, तलवारी, पडदे, भाड्याने आणलेलं काय आणि गावातून मागून आणलेलं काय, प्रयोगानंतर कुणाचं काय परत गेलं. पगार न घेता, रात्री उशिरापर्यंत, वीस माणसांचा गोतावळा सांभाळत जो हे करतो त्याला स्टोअर सांभाळता येईल की नाही, हे वेगळं विचारायला नको. शेऱ्यात लिहायचं ते एवढंच: 'गावच्या नाट्यमंडळात सामानाची नोंद आणि परतावा यांची जबाबदारी पाहतो, उशिरा थांबण्याची सवय आहे.' मात्र मेल पाठवण्यापूर्वी त्याला विचारायचं, कारण तालमीच्या दिवसांत रजा घेणारा म्हणून कुणी त्याच्याकडे पाहू नये. त्याने हो म्हटलं तर पाठवायचं. अशा शेऱ्याला मानधन नाही, खाली नाव नाही, वाचणारा एकच. तरी तो नीट लिहायला लेखातल्या परिच्छेदाइतकीच निवड करावी लागते, आणि तो पहाटेच्या लिखाणापेक्षा कमी दर्जाचा आहे असं मी मानत नाही.

वर्षाचा मेळ कसा घालायचा, हे मात्र आधी ठरवलेलं बरं. पगारवाढ आणि बोनस हातात पडला की एप्रिल ते जून कारखान्यांतली माणसं हलतात, तेव्हा सीव्हींचा पूर असतो. ऑक्टोबरात हॉटेलांचा सीझन उघडायचा म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर वॉक-इनमध्ये, म्हणजे थेट येणाऱ्यांच्या मुलाखतींत, जातात, रविवारसुद्धा. नेमक्या त्याच काळात चवथ येते आणि दिवाळी अंकांचे संपादक जुलै-ऑगस्टमध्ये मजकूर मागतात. त्या वेळी लिहायला घेतलेली कथा पुरी होत नाही, झाली तरी घाईची दिसते. इथल्या भरतीत खरा मोकळा काळ एकच: नाताळच्या आदल्या आठवड्यापासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. क्लायंटकडचे एचआर रजेवर असतात, हॉटेलं पाहुण्यांत बुडालेली असतात, मुलाखती कुणी लावत नाही. जत्रांचे दिवस असतात, रात्री थंडी असते, पहाटे उठवतही नाही आणि उठलं तर परत झोपावंसंही वाटत नाही. लांबीची गोष्ट त्या दोन आठवड्यांत सुरू करावी, मार्चपर्यंत कच्ची पुरी करावी, एप्रिल-मेमध्ये हात न लावता ठेवून द्यावी आणि जूनच्या पावसात शेवटची दुरुस्ती करून संपादकाला पाठवावी. पुढे ऑगस्टमध्ये प्रूफ आलं तर ते वॉक-इनच्या रांगेत दोन उमेदवारांच्या मधल्या वेळातही तपासता येतं.